कारणाचा रकाना

जोमा, काल पंचांपुढे माझी शोभा झाली आणि तिला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तरी तू कुठे धड भांडू दिलंस? मी चार मुद्दे मांडावेत आणि तू तंबाखूची पिंक टाकून "आसंल" म्हणावंस. त्या "आसंल"ने वीस वर्षं माझा जीव खाल्ला. तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. आता तुला "आसंल" म्हणता येत नाही, तेव्हा एकदा तरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घे.

तुझ्या बाराव्याला जो तो गोड बोलत होता. जोमा देवमाणूस, जोमा गरीब गाय, जोमाने कधी कुणाला दुखवलं नाही. मी मनात म्हटलं, यांना हा माणूस ठाऊकच नाही. इतका हट्टी, इतका आतल्या गाठीचा आणि इतका आज्ञाधारक माणूस मी दुसरा पाहिला नाही. हट्ट आणि आज्ञाधारकपणा एकाच अंगात कसे नांदतात ते देव जाणे. तुझ्या अंगात नांदत होते, आणि नको तिथे तू हट्ट सोडलास आणि नको त्याची आज्ञा पाळलीस.

क्रमाने सांगतो. चाळीस वर्षं कल्याणच्या शाळेत मुलांना क्रमाने सांगायला शिकवलं, ती खोड आता जायची नाही. ठाकुर्लीच्या खाली, आगगाडीचा रस्ता आणि खाडी यांच्यामध्ये आमची धाकटी खार. आमची म्हणजे कल्याणच्या सात घरांची सामाईक. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाच्या पाण्याने जमीन गोडी करून घ्यायची आणि तीत भात लावायचं. बांध शाबूत तर सगळं शाबूत. एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन दोन-तीन वर्षं नुसती पांढरी पडून राहते. हा अर्ध्या कोसाचा बांध राखायचं काम तुझ्या आज्यापासून तुझ्या घराकडे, आणि त्याबद्दल भाताचा एक तुकडा तुमच्या कसणुकीला. सात घरांत बांधातलं कुणालाच काही कळत नव्हतं. तुला कळत होतं. धाकट्या खारीचं शास्त्र ते एवढंच.

दर वर्षी चैत्रात, पावसाळ्याला दोन-अडीच महिने असताना, तू बांध चालायचास. अनवाणी, काखेत तिवराच्या काठ्यांची मोळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधेच कुठे थांबायचास, एक पाय टेकून दुसरा उचलायचास, पुन्हा टेकायचास, आणि तिथे एक काठी रोवून पुढे निघायचास. जिथे काठी तिथे नवी माती. मागून गडी यायचे, काठ्या बघत बघत चिखलाचे गोळे टाकत जायचे. तुझ्या आज्याने असंच केलं, बापाने असंच केलं. काठी का रोवली हे कुणी विचारत नसे. मी विचारलं. ते पहिलं पाप.

वडील गेल्यावर आमच्या घराचा वाटा माझ्याकडे आला, त्या वर्षी मी तुझ्यामागून बांधावर चाललो होतो. आठवतं ना? मी पुण्याहून आणवलेला नवा जोडा घातला होता. तू मागे वळून बघितलंस आणि म्हणालास, "जोडा काडा, मास्तर. जोड्याला काय समजनार?" मी निमूट काढला. शंभर पावलांत तळपायाला कालवांच्या शिंपा लागून रक्त आलं. तू थांबलास, काठी रोवलीस.

"इथे काय कळलं तुला?" मी विचारलं.

"नरम हाय."

"अरे, मला तर सगळा बांधच नरम लागतो."

"त्यो वेगला नरम. ह्यो वेगला."

"वेगळा म्हणजे कसा? पिकल्या फणसासारखा?"

"नाय."

"मग भिजवलेल्या कणकेसारखा? तांदळाच्या उकडीसारखा?"

"मना काय ठाव? मी काय मोदक वलल्यात?"

"मग कशासारखा, ते तरी सांग!"

तू खाडीकडे बघत चांगला विचार केलास. मला वाटलं, आता काही तरी येणार. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणालास, "बांदासारखा."

अशा माणसाचं काय करावं, सांग! मी घरी येऊन पायाला हळद लावत होतो आणि बायको हसत होती. ती म्हणाली, त्याला विचारून काय मिळणार, त्याला कळतंय ना, मग झालं की. मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की जे सांगता येत नाही ते ठाऊकच नसतं. हे वाक्य मी वर्गात पोरांना नेहमी ऐकवत असे. पोरं म्हणायची, "मास्तर, येतंय पण सांगता येत नाही." मी म्हणायचो, मग येत नाही, खाली बस. त्या वाक्यावर मी चाळीस वर्षं पोरांना खाली बसवलं.

तेच वाक्य मी तुलाही ऐकवलं, बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्यांवर बसून, आतलं पावसाचं पाणी ओहोटीबरोबर बाहेर चाललं होतं तेव्हा. तू तंबाखूची पिंक टाकलीस. मग विचारलंस, "मास्तर, तुमची आयस कशी होती दिसाला?"

मी सांगितलं. गोरी, मध्यम उंचीची, नाक सरळ, कपाळ मोठं, हनुवटीवर गोंदण.

"आशा कल्यानात शंबर हायेत," तू म्हणालास. "शंबर उब्या केल्या त तुमची कंची, ह्या तुमी मना सांगितलाव त्यावरून मना गावंल?"

"नाही सापडायची."

"तुमाला?"

"मला लगेच."

"मग तुमाला ठाव हाय का नाय?"

मी तुला म्हणालो की हा वितंडवाद आहे. वितंडवाद म्हणजे काय ते तू विचारलंस, मी ते नीट समजावून सांगितलं आणि मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं शिताफीने टाळलं. तू "आसंल" म्हणालास. जोमा, त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तू जिंकला होतास. पण जिंकलेल्या माणसाने आपण जिंकलो हे जरा छातीवर हात मारून सांगावं की नाही? तू फळ्या बसवायला उठून गेलास.

माझी बायको गेली तेव्हाही मला कळायला हवं होतं. घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं होतं. जो येई तो आत्मा अमर असल्याचं सांगून जाई. सगळे शिकलेसवरलेले, कुणाच्या बोलण्यात एक चूक काढायला जागा नाही, आणि मला एकेकाला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. तू दुपारी आलास, ओसरीच्या कडेला बसलास, दिवेलागणीपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. जाताना पानात बांधलेली कोलंबी पायरीवर ठेवलीस. सुतकाच्या घरात कोलंबी! माझी बहीण कपाळावर हात मारून घेत होती. ती कोलंबी शेजारच्या घरी गेली. आणि मी, चार दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस, त्या रिकाम्या पानाकडे बघून रडलो. तुझे उपकार मी मानले नाहीत. उलट पुढच्या भेटीत तुला सुतकाचे नियम सांगितले. असा मी मास्तर.

आता वहीकडे येतो. जुने भागीदार एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी मुलं, जावई आले. त्यांत मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले भाऊसाहेब. त्यांनी सात घरांच्या पंचांच्या पहिल्याच बैठकीत विचारलं, "जोमा म्हणतो म्हणून माती घालायची? का घालायची याला काही आधार?" तू दाराशी उभा होतास. तुला विचारलं तर म्हणालास, "लागंल म्हनून." सगळे हसले. तू पण हसलास. मला मात्र ते हसणं झोंबलं. तुझा अपमान झाला म्हणून झोंबलं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी तुझा कैवारी समजला जायचो आणि माझा माणूस ढ ठरला, याने झोंबलं.

म्हणून मीच सुचवलं की बांधाची एक वही ठेवू. मीच रकाने आखले. अनुक्रम, जागा, लांबी, कारण. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला. मला वाटलं, एकदा कारणं कागदावर आली की तुला कुणी हसणार नाही, आणि तुझ्यामागेही ते ज्ञान राहील. हेतू चांगला होता, जोमा. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, वैतागून सांगतो. हेतू वाईट असता तर तू माझं ऐकलं तरी नसतंस.

पहिल्या वर्षी तू अकरा काठ्या रोवल्यास. मी मागून दौत आणि वही घेऊन. चार ठिकाणी तुला कारण सांगता आलं. एका जागी खेकड्यांची बिळं, एका जागी पाझर, एका जागी होड्या घासून कड झिजलेली, एका जागी तिवराच्या मुळांनी भेग पडलेली. उरलेल्या सात ठिकाणी तू डोकं खाजवलंस. "नरम" हे कारण मी नाकारलं. तू कानकोंडा होऊन उभा राहिलास. शेवटी मीच कंटाळून सातही ठिकाणी "माती भुसभुशीत" असं लिहून टाकलं.

"काय लिवलाव?"

मी वाचून दाखवलं.

"बरा हाय," तू म्हणालास. जे लिहिलं ते खोटं आहे हे तुलाही कळत होतं आणि मलाही. पण भाऊसाहेबांनी ती वही डोळ्यांजवळ धरून वाचली, मान डोलावली, आणि अकराही ठिकाणी माती पडली. त्या वर्षी सगळं सुरळीत पार पडलं.

दुसऱ्या वर्षी मी दौत उघडायच्या आत तूच म्हणालास, "हितं खेकडं. लिवा." पुढे गेलास. "हितं पाझर. सकाली वलं हुतं. लिवा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्गातल्या सगळ्यांत मागच्या बाकावरचं पोर एक दिवस उभं राहून घडाघडा बोलायला लागावं, तसं झालं. मी तुझी पाठ थोपटली. तू ओशाळून हसलास. त्या वर्षी काठ्या आठ होत्या.

तिसऱ्या वर्षी सहा. सहाही काठ्यांना कारण, एकाच्याही बाबतीत अडखळणं नाही. बैठकीत तू स्वतः उभा राहून सांगितलंस, तेही आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत, "पाणी" म्हणताना "णी" वर जोर देऊन. भाऊसाहेब म्हणाले, "आता कसं! माणूस बोलायला लागला." तुझं तोंड कानापर्यंत फाकलं. मी सगळ्यांकडे असा बघत होतो जणू मुलाने बक्षीस मिळवलंय.

अकराच्या आठ आणि आठाच्या सहा का झाल्या, हा प्रश्न मला पडला नाही. गणिताचा मास्तर मी! मी समजलो, बांध सुधारतोय.

आणि भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, बांध फुटला. भात गुडघ्याएवढं होतं. मी कल्याणहून पोचलो तेव्हा तू आणि आणखी आठ-दहा जण भगदाडात उभे होता, छातीभर पाण्यात, तिवराच्या फांद्या आणि चिखल टाकत. मी काठावरून सूचना देत होतो. होय, सूचना. मला तेवढंच येतं. तेव्हा तू ओरडलास, "मास्तर, तू मागं हो!" वीस वर्षांत तू मला एकदाच "तू" म्हणालास. मी मागे झालो. पुढच्या क्षणी मी उभा होतो ती कड खाली बसली.

दोन भरत्या तू त्या पाण्यात काढल्यास. भगदाड बुजलं, भात मात्र गेलं. मग तुझ्या छातीत कफ भरला, ताप चढला, आणि नवव्या दिवशी तू गेलास.

चौथ्या दिवशी मी औषधाची बाटली घेऊन आलो होतो. तू भिंतीला टेकून बसला होतास. दुखणाइताला माणूस काय विचारतो? बरं वाटतं का, पेज पोटात गेली का. मी काय विचारलं? मी विचारलं, "जोमा, फुटली ती जागा तुला चैत्रात कळली नव्हती का रे?"

तू वर आढ्याकडे बघितलंस. "नाय कललं," म्हणालास.

आणि जोमा, मला हायसं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. तुझा श्वास घरघरत होता, आणि मला हायसं वाटलं, कारण तुला कळलंच नसेल तर मग कुणाचा दोष नाही. मी तुला औषध कसं घ्यायचं ते दोनदा समजावलं आणि सावलीसावलीने घरी गेलो. वीस वर्षांत तू माझ्याशी एकदाच खोटं बोललास आणि ते माझ्या सोयीचं होतं. इतका समजूतदारपणा कुणी मागितला होता तुझ्याकडे?

बाराव्याचं जेवण उरकल्यावर तुझी बायको सोनुबाय परसात भांडी घासत होती. मी तिला म्हणालो की जोमाला त्या जागेचं काही कळलं नव्हतं, तेव्हा त्याच्या मनाला तरी टोचणी नसेल. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कुनी सांगितला तुमाला? त्यांना कललं हुतं."

मग तिने सांगितलं. चैत्रात तू बांध चालून घरी आलास तेव्हा हातात एक काठी होती, टोकाला ओला चिखल. तिने विचारलं, ही परत कशाला आणली? तू म्हणालास, "रवली हुती. मंग काडली. मास्तर इचारतील का, त मी काय सांगू? खेकडा नाय, पाझर नाय, कायच नाय. उगाच पंचात मास्तरांची मान खाली जावाची." इतकं बोलून तू हातपाय धुवायला गेलास. ती काठी तिने दुध्याच्या वेलाला आधार म्हणून लावली. मला दाखवलीही. वेल चांगला फोफावलाय, दोन दुधी धरलेत.

माझ्या मानेची काळजी! अरे गाढवा, तीन पिढ्यांचे पाय सांगत होते आणि तू माझ्या मानेची काळजी करत बसलास? तुझा आजा असता तर त्याने माझी वही खाडीत फेकली असती आणि दौत माझ्या डोक्यावर ओतली असती. तुझ्या आधी कुणालाही बांधाला माझ्या शब्दांच्या मापात बसवायची गरज पडली नव्हती. तू मात्र वर्षागणिक काठ्या कमी करत गेलास, जे बोलता येईना ते टाकून देत गेलास, आणि मी समजत होतो की तू शिकतोयस.

आता कालची गोष्ट. सोनुबायचं ऐकून दोनच दिवस झाले होते आणि बैठक भरली. ठरलेलंच होतं. बांध फुटला तो राखणदाराच्या हयगयीने, म्हणून राखणीबद्दलचा भाताचा तुकडा तुझ्या घराकडून काढून घ्यायचा. सोनुबाय आणि तुझी लेक दाराबाहेर बसल्या होत्या. तो तुकडा गेला तर त्यांनी खायचं काय, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी उभा राहिलो. म्हटलं, हयगय नाही. जोमाला जागा कळली होती.

"मग सांगितली का नाही?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी कारण विचारतो म्हणून. त्याला कारण सांगता येईना, म्हणून त्याने काठी काढली."

"पुरावा?"

"काठी आहे."

"कुठे?"

"दुध्याच्या वेलाला."

सगळे हसले. मी आवाज चढवला. म्हटलं, मी वीस वर्षं त्याच्या मागून चाललोय, तो थांबायचा कसा ते मी बघितलंय, त्याला कळत होतं हे मला पक्कं माहीत आहे.

"कसं माहीत आहे, ते सांगा की," भाऊसाहेब म्हणाले. चिडवून नव्हे, अगदी सरळ विचारलं त्यांनी.

आणि जोमा, मला सांगता येईना. तू पाय टेकवायचास तो कसा? थांबून, अंदाज घेत, असं काहीतरी मी बोललो. भाऊसाहेब म्हणाले, तसं तर कुणीही थांबतं. मी म्हटलं, नाही, ते थांबणं वेगळं. वेगळं म्हणजे कसं? चाळीस वर्षांची मास्तरकी, दोन व्याकरणं पाठ, आणि मी धोतराचा सोगा चाचपत उभा. तो म्हातारा मास्तर त्या पाच-सहा माणसांपुढे शेवटी म्हणाला, "ते... जोमासारखं." कुणी तरी मागून खोकलं. दाराशी उभं राहून तू तीन वर्षं काय सोसत होतास ते मला तिथे, त्या क्षणी, अंगावर कळलं. फार लवकर कळलं, नाही का?

मग मी एक केलं. वृत्तांत लिहायचं काम माझंच होतं. मी वही पुढे ओढली आणि बांध फुटण्याचं कारण म्हणून लिहिलं : वही ठेवणाराने राखणदाराकडून बोलून दाखवण्याजोगी कारणंच मागितली, त्यामुळे राखणदाराने एक जागा सोडली. दोष वही ठेवणाराचा. खाली सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, दोषी सापडला, आता काय काढून घ्यायचं ते माझ्या वाट्यातून काढून घ्या. जोमाच्या तुकड्याला हात लावू नका.

तुला गंमत सांगतो. त्यांनी ते तत्काळ मान्य केलं! लेखी होतं ना. वीस वर्षांच्या तुझ्या पायांवर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांचा माझ्या तीन ओळींवर बसला. माझ्या वाट्यातला खाडीकडचा पट्टा सामाईकात गेला, तुझा तुकडा तुझ्या घरी राहिला. राखणीचं काम मात्र भाऊसाहेबांनी भिवंडीकडचा एक माणूस आणून त्याला दिलं. फार बोलका आहे. बांध न बघताच त्याने मला फुटण्याची नऊ कारणं सांगितली. तू असतास तर हसून हसून फळ्यांवरून खाली पडला असतास.

आज सकाळी मी सोनुबायला हे सांगायला गेलो. तुकडा राहिल्याचं तिला कालच बाहेर बसल्या बसल्या कळलं होतं. मला दुसरंच सांगायचं होतं. वाटेत मी चार वाक्यं जुळवली होती, क्षमा मागण्याची, चांगली बांधेसूद. ती ओट्यावर सुकट पसरत होती. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि दुसरं येईना. तिसरं तर आठवेचना. ती पदराला हात पुसत म्हणाली, "बसा मास्तर. पानी देते."

पाणी प्यायलो. ती म्हणाली, "तुमच्यावर रागं नव्हते ते. उलटं."

"उलटं म्हणजे?"

तिने सुकट पसरत पसरतच सांगितलं. तापात तुला शेवटचे दोन दिवस भ्रम झाला होता. जो भेटायला येईल त्याला तू हाताने जवळ बोलवायचास आणि आमच्या भाषेत, जोर देऊन, एकेक कारण म्हणून दाखवायचास. खेकड्यांची बिळं. पाझर. कड झिजली. मुळांची भेग. मग दम लागला की थांबून म्हणायचास, "मास्तरांनी शिकवला मना. आदी मना बोलता येत नव्हता, लोकं हसाची. आता कोन हसत नाय. लय उपकार हायेत मास्तरांचे."

जोमा, तू मला मूर्ख म्हण, तुझं भात बुडवणारा म्हण, तुझा जीव घेणारा म्हण, मी सगळं ऐकून घेईन आणि एक शब्द उलटून बोलणार नाही. पण तेवढे उपकार परत घे रे.